विंडोजची जुनी सॉफ्टवेअर लिनक्सवर 'वाइन'मधून : अक्षरजुळणीच्या कामाला कितपत पुरते?

नौपाडा_जुळारी

ठाण्यात नौपाड्याला आमचे अक्षरजुळणीचे लहानसे कार्यालय आहे. लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंकांची पाने आणि वर्षाकाठी दोन-तीन पुस्तके असे कामाचे स्वरूप आहे. कार्यालयात तीन संगणक असून तिन्हींवर विंडोज १० आहे. तिचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या चिपची) सोय तीनपैकी एकाही यंत्रात नाही. यंत्रे ठणठणीत आहेत. केवळ तेवढ्यापायी ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवावीत, हे मनाला पटत नाही.

माझा भाचा म्हणतो की लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली टाकावी आणि जुनी सॉफ्टवेअर 'वाइन' नावाच्या सोयीतून चालवावीत. आमचे सारे काम पेजमेकर ७ या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर चालते. त्याच्या जोडीला मराठी फॉन्टचा एक जुना संच आहे, ज्याचा कळफलक चालवणारा प्रोग्रॅम यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) लावल्याखेरीज सुरूच होत नाही. याशिवाय एक हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे आणि विवरणपत्रावर डिजिटल सही करण्याचे टोकन आहे. हे सगळे नव्या घरी नांदेल का, की निम्मे सामान जुन्या घरातच ठेवावे लागेल? ज्यांनी रोजच्या धंद्यासाठी हे केले आहे, त्यांचे अनुभव कृपया सविस्तर सांगावेत.

खाडीपलीकडचा

वाइन चढवून कामाला बसावे, असा सल्ला भाच्याने मामाला देण्याचे हे पहिलेच उदाहरण असावे.

ऐरोलीचा_संकेतलेखक

वाइन म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट झाले तर पुढची उत्तरे समजायला सोपी जातील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दोन प्रकारच्या गोष्टी मागतो. बेरीज-वजाबाकी, तुलना, उड्या अशा प्रोसेसरच्या आज्ञा पहिल्या प्रकारात मोडतात. त्या इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर लिनक्समध्येही तशाच्या तशा चालतात, त्यामुळे तेथे कोणाच्या मध्यस्थीची गरज नसते. दुसऱ्या प्रकारात 'खिडकी उघड', 'फाइल वाच', 'या फॉन्टमध्ये अक्षर काढ' अशा मागण्या येतात, आणि त्या विंडोजच्या डीएलएल फायलींकडे (अशी कामे करून देणाऱ्या तयार संकेताच्या फायलींकडे) केलेल्या असतात. वाइन याच डीएलएल स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहून पुरवते आणि आलेली प्रत्येक मागणी लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठवते. म्हणूनच 'वाइन हा एम्युलेटर (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले आहे. न्यायालयातला दुभाषी साक्ष स्वतः देत नाही, दोन्ही बाजूंचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचवतो. वाइनचे काम तसे आहे.

हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याची धुरा सांभाळत आहेत. १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे लागली. यात आळस नव्हता. विंडोजचा मूळ संकेत (सोर्स कोड) बंद असल्यामुळे प्रत्येक फंक्शन बाहेरून कसे वागते, हे तपासून ते नव्याने लिहावे लागते; विंडोजचा मूळ संकेत ज्याने पाहिला आहे, त्याचे योगदान हा प्रकल्प स्वीकारतच नाही. शिवाय दस्तऐवजात लिहिलेले वागणे आणि प्रत्यक्षातले वागणे यांत फरक पडतो, आणि जुने प्रोग्रॅम नेमके त्या फरकावरच विसंबलेले असतात. विंडोजमधल्या चुकासुद्धा वाइनला तितक्याच निष्ठेने उतरवून घ्याव्या लागतात.

धागालेखकांना एवढेच सांगेन की प्रोग्रॅम चालेल का, हा प्रश्न तुमच्या बाबतीत सोपा आहे. पेजमेकर ७ हे २००१ सालचे सॉफ्टवेअर आहे आणि त्या काळातील मागण्या वाइनला आज बऱ्यापैकी पाठ झालेल्या आहेत. प्रोग्रॅमला बाहेरून काय काय लटकवले आहे, ते तपासा. घोडे तेथे अडते.

वागळे_टर्नर

ऐरोलीकरांचे शेवटचे वाक्य अधोरेखित करून घ्यावे. आमचा वागळे इस्टेटमध्ये साचे बनवण्याचा कारखाना आहे आणि आराखड्याचे एक सॉफ्टवेअर आम्ही डोंगलसह घेतलेले आहे. वाइनमध्ये ते पंधरा मिनिटांत उतरले, खिडकीही उघडली आणि त्यानंतर 'किल्ली सापडली नाही' एवढा एकच निरोप पडद्यावर येत राहिला. डोंगलशी बोलणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसण्यासाठी लिहिलेला असतो. वाइन कर्नलच्या बाहेर, साध्या वापरकर्त्याच्या पातळीवर काम करते, म्हणून हार्डवेअरशी थेट बोलणारे असे ड्रायव्हर तिच्यात सहसा चालत नाहीत. डोंगल बनवणाऱ्याने लिनक्ससाठी वेगळा ड्रायव्हर दिलेला असेल तर आशा ठेवावी. आमच्या बाबतीत तो नव्हता.

शेवटी आम्ही लिनक्सवर केव्हीएमचे आभासी यंत्र (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) उभे केले, त्यात विंडोज टाकली आणि डोंगलचे यूएसबी थेट त्या यंत्राच्या हवाली केले. गेले वर्षभर काम बिनबोभाट चालू आहे. मात्र त्यासाठी विंडोजचा परवाना लागतो आणि रॅम दोन्ही घरांना वाटून द्यावी लागते, त्यामुळे चार जीबीच्या यंत्रावर हा प्रयोग करू नये.

वाशी_लेखापाल

टोकनच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित संगणकाबाहेरच आहे. आपला व्यवसाय एकल मालकीचा असेल तर जीएसटीच्या विवरणपत्रासाठी डिजिटल सही सक्तीची नाही. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने पडताळणी करता येते. सक्ती कंपन्यांना आणि एलएलपींना (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांना) आहे. मग आपण ते टोकन कशासाठी बाळगले आहे?

नौपाडा_जुळारी

@वाशी_लेखापाल, व्यवसाय माझ्या एकट्याच्या नावावर आहे. काही वर्षांपूर्वी कोणीतरी 'हे लागतेच' असे सांगितले, म्हणून घेतले आणि तेव्हापासून त्याचे नूतनीकरण करत आलो आहे. आपण एका वाक्यात माझे एक टोकन आणि दरखेपेचा खर्च वाचवला. मनःपूर्वक आभार.

कळवेकर_काका

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझ्याकडे विंडोज ३.१ च्या काळातला पत्रिका मांडण्याचा एक प्रोग्रॅम आहे, लग्नपत्रिका नव्हे, जन्मपत्रिका. तो १६ बिटांचा असल्यामुळे ६४ बिटांच्या कोणत्याही विंडोजवर चालत नाही, कारण मायक्रोसॉफ्टने ती सोयच काढून टाकलेली आहे. नातवाने लिनक्सवर वाइनमध्ये तो लावून दिला आणि तो पहिल्या फटक्यात उघडला. विंडोजचा प्रोग्रॅम खुद्द विंडोजने नाकारला आणि परक्याने सांभाळला! ग्रहयोग म्हणतात तो हाच असावा.

ऐरोलीचा_संकेतलेखक

काका, यात आणखी एक गंमत आहे. १९९० च्या दशकातील कित्येक प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटांचे असले तरी त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटांचा असे. त्यामुळे आजच्या विंडोजवर प्रोग्रॅम चालू शकला असता, पण तो उतरतच नाही. वाइनमध्ये हा अडसर बहुधा येत नाही.

बेलापूरचा_मुक्त

मला या साऱ्या उद्योगाविषयी मूलभूत आक्षेप आहे. बंदिस्त सॉफ्टवेअर मुक्त प्रणालीवर चालवणे म्हणजे तुरुंगातून सुटल्यावर कोठडी पाठीवर घेऊन फिरणे होय. आयबीएमच्या ओएस/२ या संगणकप्रणालीचा इतिहास पाहावा. १९९२ च्या २.० आवृत्तीत विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्याची उत्तम सोय होती, आणि तिच्यामुळेच ओएस/२ साठी वेगळे लिहिण्याची गरज सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना उरली नाही, असे म्हटले जाते. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे, त्याच्या जानेवारी २०२४ मधील १.६ या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे व्यवस्थित जुळतात. धागालेखकांनी एकदाच घाव सोसावा आणि युनिकोडवर, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीवर, यावे.

नेरुळची_मांडणीकार

बेलापूरकरांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, परंतु त्यांनी दिवाळी अंकाच्या आधीचे पंधरा दिवस एखाद्या जुळणीच्या कार्यालयात काढलेले दिसत नाहीत. लेखक रात्री अकरा वाजता गेल्या वर्षीच्या पानात 'फक्त दोन ओळी' बदलायला सांगतो, तेव्हा ते पान ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडले त्यातच उघडावे लागते. पाय मोडलेल्या माणसाला कुबडी देऊ नका, तिने पाय कायमचा अधू होईल, असे आपण म्हणत नाही.

ओएस/२ च्या उदाहरणाला उलट बाजूही आहे. व्हॉल्व्ह या संगणकीय खेळांच्या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेले प्रोटॉन आणले आणि २०२२ मध्ये त्याच जोरावर लिनक्सचे स्टीम डेक हे खेळयंत्र बाजारात उतरवले. त्या निमित्ताने झालेल्या सुधारणा मूळ वाइनमध्येही येत गेल्या. वाइनसारख्या अनुकूलतेच्या थरामुळे तेथे लिनक्सचा वापर वाढला, घटला नाही.

घणसोली_०७

मग त्यात सगळे ऑनलाइन गेम चालतात का?

ऐरोलीचा_संकेतलेखक

सगळे चालत नाहीत. ज्यांची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते, त्यांची गत वागळेकरांच्या डोंगलसारखीच होते. आता आपण मामांच्या पेजमेकरकडे परत येऊ या.

वेलांटी_आधी

मी कोपरीला राहतो आणि पंचवीस वर्षे मराठी जुळणी केली आहे, म्हणून फॉन्टच्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यातला खरा गुंता तेथे आहे.

धागालेखकांचा फॉन्ट-संच युनिकोडपूर्व असणार. अशा फॉन्टमध्ये संगणकाला मराठी मुळीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, फक्त त्यांच्या जागी 'क'चा देठ, अर्धा 'ल', रफार, वेलांटी अशी चित्रे बसवलेली असतात. याचा एक फायदा आहे : जोडाक्षरे जुळवण्याची जबाबदारी प्रणालीवर नसल्यामुळे वाइनमध्ये हे फॉन्ट विंडोजइतकेच स्वच्छ उमटतात. फॉन्टच्या टीटीएफ फायली वाइनच्या सी ड्राइव्हमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात ठेवल्या की काम होते. आपल्याकडे परवाना आहेच, तरी दुसऱ्या यंत्रावर हलवण्याविषयी करारात काय लिहिले आहे ते एकदा पाहून घ्यावे.

एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यावी. नव्या लिनक्सची भाषा आपण हौसेने मराठी ठेवतो आणि वाइनही तीच उचलते. जुन्या फॉन्टमधली चित्रे १२५२ या पाश्चात्त्य संकेतपृष्ठाच्या (कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, हे ठरवणाऱ्या तक्त्याच्या) जागांवर बसवलेली असतात. मराठीसाठी विंडोजमध्ये असे जुने संकेतपृष्ठ कधी नव्हतेच. मराठी तेथे आली ती थेट युनिकोडमधूनच. म्हणून पेजमेकर सुरू करताना त्याच्यापुरती भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवावी, नाहीतर अर्धी अक्षरे जागेवर आणि अर्धी प्रश्नचिन्हे असे पान दिसेल. मराठी पान नीट दिसावे म्हणून संगणकाला इंग्रजी व्हायला सांगावे लागते, हा विनोद आपल्या पिढीने खूप सोसला आहे.

दुसरा प्रश्न टंकनाचा आहे. कळफलकाचा तो प्रोग्रॅम तुम्ही दाबलेली कळ वाटेत अडवून तिच्या जागी दुसरी चिन्हे सोडतो. डोंगलचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला, तरी वाइनमधल्या प्रोग्रॅमला वाइनच्याच खिडक्यांमधल्या कळा दिसतात, लिनक्सच्या मूळ खिडक्यांमधल्या दिसत नाहीत. म्हणून मी त्याचा नादच सोडला. मजकूर लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाने युनिकोडमध्ये टंकतो, परिवर्तकातून त्याचे जुन्या फॉन्टच्या संकेतात रूपांतर करतो आणि पेजमेकरमध्ये चिकटवतो. परिवर्तक साधा वाटला तरी त्याला बुद्धी लागते : युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते, तर जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्यांना दिसते तशी आधी येते, आणि रफाराचे याच्या नेमके उलट आहे. 'मूर्ती' ठीक उतरते. 'निर्मिती' आणि 'आर्थिक' हे शब्द तपासून पाहावेत.

बेलापूरचा_मुक्त

म्हणजे मजकूर युनिकोडमध्येच तयार होतो आणि तो मुद्दाम जुन्या संकेतात ढकलला जातो! माझाच मुद्दा सिद्ध झाला.

वेलांटी_आधी

निम्मा सिद्ध झाला, हे मान्य करतो. नवे पुस्तक मीही आता स्क्रायबसमध्ये घेतो. पण माझ्याकडे १९९८ पासूनची पाने आहेत आणि ग्राहक त्यांच्यासाठीच परत येतात. जुन्या फायली वाइनशिवायही पाहता येतात, कारण लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय आहे. मजकूर आणि चौकटी मिळतात. ओळ मात्र जेथे मोडत होती तेथेच मोडेल याची खात्री नसते, आणि संस्थेच्या अहवालातल्या ताळेबंदाचे रकाने सरकले की सचिव महाशय आपल्याला सोडत नाहीत.

पाचपाखाडी_वकील

वाइनच्या वैधतेविषयी शंका येण्यापूर्वीच लिहितो. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(अब) मध्ये स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रोग्रॅमची इतर प्रोग्रॅमशी आंतरव्यवहार्यता साधण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याला, ती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर, अपवाद म्हणून मुभा दिलेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२१ मध्ये गुगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयचा (प्रोग्रॅमने मागण्या करण्याच्या ठरीव पद्धतीचा) पुनर्वापर न्याय्य ठरवला. मात्र डोंगलचे कुलूप तोडून देणारी जी 'पॅच' फाइल कोणी हळूच पाठवतो, तिला यातले काहीही लागू होत नाही, हे धागालेखकांच्या भाच्यालाही सांगून ठेवावे.

वाशी_लेखापाल

हिशेबाच्या सॉफ्टवेअरविषयी माझा अनुभव संमिश्र आहे. नोंदी, खतावणी आणि छपाई वाइनमध्ये ठीक चालली, परंतु परवाना सक्रिय करताना अडचण आली आणि एका अद्यतनानंतर ते सुरूच होईना. मार्चअखेरीस असा प्रयोग करण्याचा अविचार माझा होता. आता प्रत्येक अशिलाची विदा आधी दुसरीकडे उतरवल्याशिवाय मी अद्यतनाला हात लावत नाही.

ऐरोलीचा_संकेतलेखक

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरला वाइनमध्ये स्वतंत्र खोली द्यावी, जिला 'प्रीफिक्स' म्हणतात. प्रत्यक्षात तो एक फोल्डर असतो आणि त्यातच त्या प्रोग्रॅमचा सी ड्राइव्ह आणि रेजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदी) असे सारे असते. काम नीट चालू लागले की त्या फोल्डरची प्रत काढून ठेवावी, आणि ज्या आवृत्तीवर चालले ती वाइनची आवृत्ती गोठवावी. 'बॉटल्स' नावाचा प्रोग्रॅम हे सारे चित्रमय पद्धतीने करून देतो.

एक इशाराही देतो. वाइन म्हणजे संरक्षक भिंत नव्हे. ती मूळ व्यवस्थेत झेड ड्राइव्ह म्हणून तुमची अख्खी लिनक्सची फाइलव्यवस्था प्रोग्रॅमपुढे उघडी ठेवते. विंडोजचा व्हायरस वाइनमध्ये चालला तर तुमच्या घरच्या फोल्डरातल्या फायली तो बिघडवू शकतो. ग्राहकांच्या पेनड्राइव्हमधून आलेली 'ईएक्सई' फाइल तेथे उघडू नये आणि वाइन कधीही रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवू नये.

खाडीपलीकडचा

बाटल्या, तळघर, गोठवणे... आणि वर संरक्षण नाही. सरकारने यावर वैधानिक इशारा छापायला हवा.

नौपाडा_जुळारी

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. आपण सर्वांनी एवढे लिहिले, तर काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

दोन यंत्रांवर लिनक्स आले. पेजमेकर वाइनमध्ये उतरले, पण पहिले पान उघडले तेव्हा वेलांटीसाहेबांनी वर्णन केलेली प्रश्नचिन्हेच समोर आली, कारण मी उत्साहाने सगळे मराठीत करून ठेवले होते. भाषा इंग्रजी केली आणि २००६ चा एक अहवाल जसाच्या तसा दिसला. छपाईची मला सर्वांत जास्त धास्ती होती. वाइन पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचे वर्णन करणारा मजकूर) तयार करून लिनक्सच्या छपाई व्यवस्थेकडे सोपवते, त्यामुळे ज्या लेझर प्रिंटरला लिनक्स ओळखते त्यावर छापखान्यासाठीचा ट्रेसिंग पेपर नीट निघाला. दुसऱ्या, जुन्या प्रिंटरला लिनक्सचा ड्रायव्हर नाही, म्हणून तो विंडोजच्या यंत्राला जोडला आहे.

डोंगल वाइनला दिसले नाही. तिसऱ्या यंत्रावर विंडोज १० तशीच ठेवून त्याची इंटरनेटची तार काढून टाकली. डोंगल आणि हिशेब तेथेच राहतील, विवरणपत्र लिनक्सच्या ब्राउझरमधून ओटीपीने भरले जाईल. आमचे जुने सहकारी इन्स्क्रिप्टवर बसायला तयार नाहीत. पस्तीस वर्षे मराठी टंकलेखन यंत्राच्या कळपाटावर बसलेला हात आहे, त्यांना मी आग्रह करणार नाही. ते विंडोजवर टंकतात आणि मजकूर पेनड्राइव्हने माझ्याकडे येतो. निम्मे सामान जुन्या घरात राहिले, असेच म्हणावे लागेल.

एकच अडचण उरली आहे. माझ्या टंकनातून परिवर्तकाने काढलेल्या मजकुरात 'तिसऱ्या मजल्यावर' मधला अर्धा र नाहीसा होऊन भलतेच चिन्ह येते. लग्नाचे सभागृह तिसऱ्याच मजल्यावर आहे.

वेलांटी_आधी

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे अदृश्य शून्य-रुंदी जोडक लावून. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण तुमचा परिवर्तक त्यांतला एकच ओळखत असणार. रूपांतर करण्यापूर्वी शोधा-आणि-बदला वापरून एकाचे दुसरे करून पाहा.

नौपाडा_जुळारी

झाले. पाहुणे आता तिसऱ्या मजल्यावर पोहोचतील. ट्रेसिंग काढून छापखान्यात धाडले आहे.

कळवेकर_काका

मुहूर्त मात्र एकदा माझ्या प्रोग्रॅमवर ताडून घ्या.